नाण्यावरून ‘इंड इम्प’ काढताना: ओटावाची टांकसाळ, १९४८

१९४८ साल उजाडलं तेव्हा कॅनडातल्या ओटावाच्या टांकसाळीत धातू होता, दाबयंत्रं चालू होती आणि सुट्ट्या नाण्यांना मागणीही होती. नव्हता तो राजाच्या चेहऱ्याच्या बाजूचा नवा ठसा. जुना ठसा हाताशी होता, पण त्यावर राजाच्या नावापुढे दोन तुटके लॅटिन शब्द होते: ‘इंड’ आणि ‘इम्प’. पूर्ण रूपात ‘इंडिए इम्पेरातोर’, म्हणजे भारताचा सम्राट. भारत १५ ऑगस्ट १९४७ला स्वतंत्र झाला होता आणि हे बिरुद काढून टाकायचं ठरलं होतं. नव्या मजकुराची हत्यारं, म्हणजे ठसे घडवायची पोलादी साधनं, लंडनहून यायची होती आणि ती आलेली नव्हती.

या पेचातून १९४७ हा आकडा आणि त्याच्या शेजारी मेपलचं इवलंसं पान असलेली नाणी निघाली. ती पाडली गेली मात्र १९४८मध्ये. नाण्यावरचं लॅटिन हा नुसता शोभेचा मजकूर नसतो, तो कायदा आणि कारागिरी या दोन्हींना कसा बांधलेला असतो, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं प्रकरण नाही.

नाण्यावर नेमकं काय लिहिलं होतं

१९३७ ते १९४७ या काळातल्या कॅनडाच्या नाण्यांवर सहाव्या जॉर्जचा मुकुटाविना, डावीकडे पाहणारा चेहरा आहे. तो थॉमस हम्फ्री पॅजेट यांनी घडवला. भोवतीचा लेख उच्चाराप्रमाणे लिहायचा तर असा: ‘जॉर्जियुस ६, डी जी, रेक्स एट इंड इम्प’. जागेसाठी शब्द तोडलेले आहेत आणि तोडल्याच्या जागी दोन टिंबं दिलेली आहेत.

‘जॉर्जियुस’मध्ये ‘यू’ असायला हवा तिथे ‘व्ही’ कोरलेला दिसतो. ती कोरणाऱ्याची चूक नव्हे. रोमन शिलालेखांत या दोन अक्षरांना एकच खूण होती आणि युरोपातल्या नाण्यांनी ती रीत पाळली.

‘डी जी’ म्हणजे ‘देई ग्रातिया’. ‘देई’ ही ‘देउस’ या शब्दाची षष्ठी, म्हणजे देवाच्या. ‘ग्रातिया’ म्हणजे कृपेने. संस्कृत व्याकरण शाळेत शिकलेल्याला हे लगेच उमजतं, कारण लॅटिनमध्येही नात्याचं काम शब्दाच्या शेवटाकडे असतं. ‘रेक्स’ म्हणजे राजा आणि आपल्या ‘राजन्’ शब्दाशी त्याचं मूळ एक आहे. ‘एट’ म्हणजे ‘आणि’.

आता ‘इंड इम्प’. ‘इंडिए’ ही ‘इंडिया’ची षष्ठी, भारताचा. ‘इम्पेरातोर’ हा शब्द रोमच्या प्रजासत्ताकात राजाचा नव्हताच. लढाई जिंकलेल्या सेनापतीला त्याचे सैनिक त्या नावाने जयघोष करत. ऑगस्टसने तो शब्द आपल्या नावालाच जोडला आणि पुढे त्याचा अर्थ ‘सम्राट’ असा स्थिरावला. ‘आज्ञा देणारा’ हा मूळ धात्वर्थ मात्र त्यात कायम राहिला. राणीसाठी ‘इम्पेरात्रिक्स’ असं रूप होतं, पण तोडल्यावर दोन्हींचं ‘इम्प’च उरतं. म्हणून व्हिक्टोरिया गेली आणि सातवा एडवर्ड आला तरी ब्रिटिश नाण्यावरची ही दोन अक्षरगटांची जोडी बदलावी लागली नाही.

इथे एक सावधगिरी. जुन्या स्पॅनिश रुप्यावर, आठ रेआलच्या मोठ्या नाण्यावर, ‘हिस्पान एट इंड रेक्स’ असा लेख असतो. ‘एट इंड’ ही अक्षरं तीच, पण अर्थ वेगळा. तिथे ‘इंड’ म्हणजे ‘इंडियारुम’, अनेकवचनी षष्ठी: ‘स्पेन आणि इंडीज यांचा राजा’. त्यातलं ‘इंडीज’ हे मुख्यतः अमेरिकेतल्या वसाहतींचं नाव. तोडलेला शब्द एकटा वाचला की फसगत होते. तो पुढच्या-मागच्या शब्दांसह आणि कोणत्या राजाचं नाणं आहे ते पाहूनच सोडवावा.

बिरुद आलं कुठून, आणि कुठे कधीच आलं नाही

ब्रिटिश संसदेने १८७६मध्ये कायदा करून व्हिक्टोरियाच्या बिरुदांत भर घालायला परवानगी दिली. १ जानेवारी १८७७च्या दिल्ली दरबारात त्याची द्वाही फिरली. इकडच्या भाषांसाठी ‘कैसर-इ-हिंद’ हे रूप निवडलं गेलं. याच दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हाताने विणलेल्या पांढऱ्या खादीत हजर होते.

ब्रिटिश नाण्यांवर मात्र हे बिरुद यायला आणखी सोळा वर्षं गेली. १८८७च्या राज्यारोहण-सुवर्णमहोत्सवी नाण्यांवरही ते नाही. १८९३मध्ये थॉमस ब्रॉक यांनी घडवलेला, डोक्यावर ओढणी घेतलेल्या वृद्ध राणीचा चेहरा आला आणि त्याच्यासोबत ‘इंड इम्प’ आलं. कॅनडाच्या नाण्यांवर व्हिक्टोरियाच्या सबंध काळात ते आलं नाही. तिथे १९०२मध्ये एडवर्डच्या नाण्यांवर ‘रेक्स इम्पेरातोर’ असं लिहिलं गेलं, म्हणजे सम्राट आला पण कशाचा ते लिहिलं नाही. १९११पासून ‘रेक्स एट इंड इम्प’ हे रूप सुरू झालं.

भारतातल्या व्यवहारातल्या नाण्यांवर हे लॅटिन बिरुद कधीच नव्हतं, आणि या प्रकरणातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट हीच आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या तांब्याच्या पाव आण्यावर, मुद्राचिन्हाखालच्या फितीवर ‘आउस्पिकियो रेगिस एट सेनातुस आंग्लिए’ असं लॅटिन होतं: इंग्लंडच्या राजाच्या आणि संसदेच्या आश्रयाने. कंपनीचं राज्य गेलं तसं तेही गेलं. १८६२पासूनच्या रुपयांवर इंग्रजीत ‘व्हिक्टोरिया क्वीन’, १८७७पासून ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’ आणि पुढच्या राजांच्या नावापुढे इंग्रजीत राजा व सम्राट अशी बिरुदं आहेत. ज्या देशावरचा हक्क त्या दोन लॅटिन शब्दांत सांगितला होता, त्या देशाच्या बाजारात ते शब्द फिरले नाहीत. ते लंडनच्या पेनीवर आणि ओटावाच्या सेंटवर फिरले.

अपवाद एक आणि तो थेट मुंबईचा. १९१८मध्ये मुंबईच्या टांकसाळीत रॉयल मिंटची, म्हणजे लंडनच्या सरकारी टांकसाळीची, शाखा चालली आणि तिथे सॉव्हरिन ही ब्रिटनची सोन्याची नाणी पाडली गेली. संख्या १२,९४,३७२. त्यांच्यावर साल असलेल्या बाजूला, सालाच्या जरा वर, इंडिया या नावाचं पहिलं इंग्रजी अक्षर ‘आय’ ही टांकसाळीची खूण आहे आणि पाचव्या जॉर्जभोवतीच्या लेखात ‘इंड इम्प’ आहे. त्याच वर्षी, त्याच शहरात, त्याच वजनाची (७.९८८ ग्रॅम) १५ रुपयांची मोहोर पाडली गेली. तिच्यावर मात्र इंग्रजीत ‘जॉर्ज फिफ्थ किंग एम्परर’. ही दोन नाणी शेजारी ठेवून पाहावीत. धातू एक, वजन एक, राजा एक, पण नाणं कोणत्या चलनाचं आहे त्यावर भाषा बदलते.

दहा महिन्यांचं अंतर

‘भारत १९४७मध्ये स्वतंत्र झाला, मग १९४७चं पान असलेलं नाणं १९४८मध्ये का?’ हा प्रश्न हमखास येतो. उत्तर कायद्याच्या तारखांत आहे.

भारतीय स्वातंत्र्य कायदा १९४७, कलम ७, पोटकलम २: राजाच्या बिरुदांतून ‘इंडिए इम्पेरातोर’ हे लॅटिन आणि ‘एम्परर ऑफ इंडिया’ हे इंग्रजी शब्द वगळायला ब्रिटिश संसदेची संमती, आणि त्यासाठी राजाने जाहीरनामा काढावा. म्हणजे १५ ऑगस्टला बिरुद आपोआप गळून पडलं नाही. वगळायची वाट मोकळी झाली, एवढंच.

दुसरी अट १९३१च्या वेस्टमिन्स्टर कायद्याच्या प्रस्तावनेत होती. राजाच्या बिरुदांत बदल करायचा तर ब्रिटनबरोबर डोमिनियन देशांच्या, म्हणजे स्वतःचा कारभार स्वतः पाहणाऱ्या पण ब्रिटनच्या राजालाच आपला राजा मानणाऱ्या देशांच्या, संसदांचीही संमती हवी. कॅनडाच्या संसदेने १९४७मध्येच ती दिली. प्रत्यक्ष जाहीरनामा निघाला २२ जून १९४८ रोजी. भारत तेव्हा डोमिनियन होता आणि २६ जानेवारी १९५०पर्यंत सहावा जॉर्ज भारताचा राजा राहिला. या मधल्या काळात तो राजा होता आणि सम्राट नव्हता. या दोन पदांची सरमिसळ बऱ्याच लेखांत दिसते.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. १९४७च्या ऑगस्टनंतर आणि १९४८च्या जूनपर्यंत पाडलेल्या नाण्यावर ‘इंड इम्प’ असणं कायद्याने चुकीचं नव्हतं. अडचण वेगळी होती. जायचं ठरलेलं बिरुद नव्या सालाच्या नाण्यावर छापून ते पुढची पन्नास वर्षं लोकांच्या खिशात ठेवायचं का, हा प्रश्न होता. लंडनने ते चालवून घेतलं. ब्रिटनची १९४८ सालची नाणी ‘इंड इम्प’सह आहेत आणि बदल १९४९च्या नाण्यांपासून दिसतो. ओटावाने १९४८ हे साल आणि ‘इंड इम्प’ एका नाण्यावर येऊ दिलं नाही.

नुसतं खरवडून का चाललं नसतं

नाणं पाडायच्या ठशाला आपल्याकडच्या कारखान्यांतही ‘डाय’च म्हणतात. तो एकदम तयार होत नाही. आधी कलाकार मोठ्या आकाराचं प्लास्टरचं प्रारूप करतो. त्यावरून धातूची टणक प्रत घेतात आणि ती छोटं करणाऱ्या यंत्रावर चढवतात. यंत्राचं एक टोक प्रतीवरून फिरतं आणि दुसरं टोक पोलादात नाण्याच्या मापाची आकृती कोरतं. या पहिल्या पोलादी तुकड्यावर चित्र आणि अक्षरं उठावदार असतात. तो कडक करून मऊ पोलादात दाबला की खोलगट मूळ साचा मिळतो. त्यातून पुन्हा उठावदार पंच, म्हणजे दाबून ठसा उमटवायचा पोलादी तुकडा, पंचातून खोलगट डाय आणि डायमधून उठावदार नाणं. एकाआड एक, उठाव आणि खोल.

आता शब्द काढायचे म्हणू. डायवर अक्षरं खोल आहेत. खोल अक्षर घासून जात नाही. ते घालवायचं तर भोवतीचं सगळं पोलाद अक्षराच्या तळापर्यंत उतरवावं लागेल आणि मग चेहऱ्याची खोलीही जाईल. पंचावर अक्षरं उठावदार आहेत, तिथे ती घासता येतात. पण मग लेखाच्या वर्तुळात एका बाजूला मोठी रिकामी जागा राहते, उरलेले शब्द कलते दिसतात आणि घासलेल्या जागेची पातळी नाण्याच्या सपाट भागावर डाग म्हणून उमटते. शिवाय ‘एट’ हा शब्दही जायला हवा, नाहीतर ‘राजा आणि’ असं अर्धवट वाक्य उरतं. थोडक्यात, लेख पुन्हा मांडायचा आणि वरच्या साखळीत पहिल्यापासून सुरुवात करायची.

तेही एका नाण्यासाठी नव्हे. कॅनडाची नाणी सहा: १, ५, १०, २५, ५० सेंट आणि डॉलर. सर्वांत छोटं १० सेंटांचं, सुमारे १८ मिलिमीटर व्यासाचं. डॉलर ३६ मिलिमीटरचा. ५ सेंटांचं नाणं तेव्हा बारा कोनी होतं. प्रत्येक मापाला वेगळी हत्यारं लागतात, कारण अक्षरं नुसती लहान करत गेलं तर १० सेंटांवर ती वाचता येणार नाहीत. ओटावाची टांकसाळ २ जानेवारी १९०८ला रॉयल मिंटची शाखा म्हणून सुरू झाली आणि १९३१मध्ये कॅनडाची स्वतःची झाली, तरी राजाच्या चेहऱ्याच्या बाजूची मूळ हत्यारं लंडनहूनच येत. १९४८मध्ये लंडनसमोर एकट्या कॅनडाचं काम नव्हतं. स्वतः ब्रिटनची फार्दिंगपासून हाफ क्राउनपर्यंतची सगळी नाणी आणि इतर डोमिनियनांचीही बदलायची होती.

आधीचे दोन धडे

ओटावाला शब्द गाळण्याचे परिणाम ठाऊक होते. १९११मध्ये पाचव्या जॉर्जच्या पहिल्या कॅनडी नाण्यांवर ‘देई ग्रातिया’ गळलं होतं. त्यावरून एवढी ओरड झाली की ‘देवाविना नाणी’ असं नाव पडलं आणि १९१२मध्ये ‘देई ग्रा’ असं तोडून का होईना, देवाचं नाव परत आणावं लागलं. घाईने मजकूर बदलू नये, हा एक धडा.

दुसरा १९३६चा. आठव्या एडवर्डने डिसेंबर १९३६मध्ये गादी सोडली, नव्या राजाची हत्यारं उशिरा आली आणि १९३७च्या सुरुवातीला नाणी हवीच होती. तेव्हा पाचव्या जॉर्जचाच ठसा, १९३६ सालच, पण सालाच्या खालच्या बाजूला एक बारीक ठिपका देऊन १, १० आणि २५ सेंट पाडले. २५ सेंटांची संख्या १,५३,३२२. त्या ठिपक्याचा अर्थ असा: ‘हे साल जुनं आहे, नाणं पुढच्या वर्षीचं आहे.’ १९४८मध्ये हीच युक्ती पुन्हा वापरली, ठिपक्याऐवजी मेपलचं पान देऊन.

भर घालणं काढण्याइतकं अवघड नसतं, याचं कारण वरच्याच साखळीत आहे. नाण्यावर उठावदार पान हवं तर डायवर ते खोल हवं आणि खोल करायला पानाच्या आकाराचा एक छोटा पंच ठोकला की काम होतं. साल ज्या बाजूला आहे, तिथेच, ७च्या उजवीकडे पान दिलं. राजाची बाजू जशीच्या तशी राहिली. हा उपाय मला फार समंजस वाटतो. बिरुद असलेल्या नाण्यावर नवं साल टाकलं नाही आणि नवं पाडलेलं नाणं जुन्यात मिसळू दिलं नाही.

किती पाडली

१ सेंट: साधी १९४७ची ३,१०,९३,९०१, पानाची ४,३८,५५,४४८, नव्या लेखाची १९४८ची २,५७,६७,७७९ (खालीही हाच क्रम).
५ सेंट: ७६,०३,७२४, ९५,९५,१२४, १८,१०,७८९.
१० सेंट: ४४,३१,९२६, ९६,३८,७९३, ४,२२,७४१.
२५ सेंट: १५,२४,५५४, ४३,९३,९३८, २५,६४,४२४.
५० सेंट: ४,२४,८८५, ३८,४३३, ३७,७८४.
डॉलर: ६५,५९५, २१,१३५, १८,७८०.

पहिल्या चार नाण्यांत पानाची नाणी साध्या १९४७पेक्षा जास्त आहेत. म्हणजे पान दिसलं की दुर्मिळ, ही समजूत सेंटपासून २५ सेंटांपर्यंत चुकीची आहे. पानाचा सेंट चार कोटींवर पाडला गेला. ५० सेंट आणि डॉलर ही खरी कमी संख्येची जोडी. १० सेंटांत तर उलटंच आहे. पानाची ९६ लाख आणि १९४८ची अवघी सव्वाचार लाख, म्हणून तिथे साधं दिसणारं १९४८चं नाणं जास्त शोधावं लागतं. नवी हत्यारं वर्षात उशिरा आल्यामुळे वर्षभराची बरीचशी गरज पानवाल्या नाण्यांनी आधीच भागवली होती.

रिकाम्या जागेत काय भरलं

नवा लेख असा ठरला: ‘जॉर्जियुस ६ देई ग्रातिया रेक्स’. जुन्या लेखातली अक्षरं मोजू. नावाची ८, क्रमांकाची रोमन २, ‘डी’ आणि ‘जी’ची २, ‘रेक्स’ची ३, ‘एट’ची २, ‘इंड’ची ३, ‘इम्प’ची ३. एकूण २३. नव्यात ८, २, ‘देई’ची ३, ‘ग्रातिया’ची ६, ‘रेक्स’ची ३. एकूण २२. सम्राटपद गेल्याने मोकळी झालेली जागा ‘देई ग्रातिया’ पूर्ण लिहून भरली आणि वर्तुळाचा तोल फक्त एका अक्षराने हलला. १९१२पासून तोडून लिहिलेला देव त्यामुळे पुन्हा पूर्ण झाला.

ज्याची-त्याची जागा भरण्याची रीत वेगळी. दक्षिण आफ्रिकेच्या नाण्यांवर १९४७पर्यंत ‘जॉर्जियुस ६ रेक्स इम्पेरातोर’ होतं. १९४८पासून क्रमांकच अक्षरी झाला, ‘जॉर्जियुस सेक्स्तुस रेक्स’, म्हणजे सहावा जॉर्ज राजा. न्यूझीलंडने इंग्रजीच ठेवली आणि ‘जॉर्ज सिक्स्थ किंग एम्परर’ऐवजी ‘किंग जॉर्ज द सिक्स्थ’ असं शब्दांत लिहिलं. ब्रिटनमध्ये सर्वांत लक्षात राहणारा बदल सहा पेन्सवर झाला. त्याच्या मागच्या बाजूला राजाच्या आद्याक्षरांची गुंफण होती, तीन अक्षरांची, ‘जॉर्जियुस रेक्स इम्पेरातोर’ या शब्दांची. १९४९मध्ये ‘इम्पेरातोर’चा ‘आय’ वगळून त्या जागी नवी गुंफण आली, राजाचं नाव, क्रमांक आणि ‘रेक्स’ एवढीच. बाकी ब्रिटिश नाण्यांवर ‘फिद देफ’ शिल्लक राहिलं: ‘फिदेई देफेन्सोर’, धर्मरक्षक, जे बिरुद पोप दहावे लिओ यांनी १५२१मध्ये आठव्या हेन्रीला दिलं होतं. एक बिरुद चार शतकं टिकलं, दुसरं नाण्यावर छप्पन्न वर्षं.

भारतात काढायला लॅटिन नव्हतंच. राजाचा चेहरा असलेली १९४७ सालची नाणी, त्यांतला मागे वाघ असलेला निकेलचा रुपया धरून, चलनात राहिली आणि १५ ऑगस्ट १९५०ला अशोकस्तंभाचे सिंह असलेली मालिका आली.

हातात आलेलं नाणं तपासताना

कॅनडात राहणाऱ्या नातेवाइकांकडून ही नाणी आपल्याकडे येतात, त्यामुळे तपासण्याची रीत नीट माहीत असावी.

आधी राजाची बाजू वाचा, मग साल. १९४७ असेल तर ‘एट इंड इम्प’ असलंच पाहिजे. १९४८ असेल तर ‘देई ग्रातिया रेक्स’ असलंच पाहिजे. कॅनडाच्या नाण्यावर १९४८ आणि ‘इंड इम्प’ एकत्र दिसलं तर ते बनावट आहे किंवा साल चुकीचं वाचलं गेलंय. झिजलेला ७ आणि ८ यांत घोळ होतो. ब्रिटिश नाण्यावर मात्र ही जोडी खरी आहे, म्हणून आधी देश पक्का करा.

मग दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली ७ची उजवी बाजू. पान राजाच्या बाजूला शोधू नका, ते सालाच्या बाजूलाच असतं. १० सेंटांवर ते इतकं लहान आहे की मळ साचला तरी झाकलं जातं. मळ काढायला नाणं घासू नका, साध्या पाण्यात भिजवून टिपून घ्या. घासलेल्या नाण्याची चमक गेली की किंमतही जाते. १९४७च्या काही ५ आणि २५ सेंटांवर ७नंतर ठिपका दिसतो. तो पानाचा झिजलेला अवशेष नव्हे. जाणकार तो झिजत चाललेल्या डायचा परिणाम मानतात. १९३६चा ठिपका मात्र मुद्दाम दिलेला, अधिकृत आहे.

डॉलर आणि ५० सेंटांवर पान नंतर चिकटवण्याची किंवा कोरण्याची लबाडी होते, कारण साध्या १९४७च्या डॉलरपेक्षा पानाचा महाग. खरं पान नाण्यासोबत एकाच दाबाखाली उठलेलं असतं, त्याच्या कडेपासून सपाट भागाकडे धातू अखंड जातो. चिकटवलेल्या पानाभोवती बारीक भेग किंवा वेगळ्या रंगाची कड दिसते. कोरलेल्या पानाभोवतीचा सपाट भाग खाली गेलेला किंवा ओरखडलेला असतो, कारण उठाव करायला बाजूचा धातू काढावा लागतो. उजेड तिरपा धरून नाणं हळू फिरवा. खऱ्या नाण्यावर चमक पानाला वळसा घालून सलग जाते, खोट्यावर तिथे तुटते.

शेवटी वजन आणि चुंबक. डॉलर २३.३३ ग्रॅम, ५० सेंट ११.६६, २५ सेंट ५.८३, १० सेंट २.३३, हे चारही ८० टक्के चांदीचे, चुंबकाला चिकटत नाहीत. डॉलरमध्ये शुद्ध चांदी साधारण १८.६६ ग्रॅम. ५ सेंट निकेलचं, ते चुंबकाला चिकटतं आणि चिकटायलाच हवं. सेंट ब्राँझचा, ३.२४ ग्रॅम, चिकटत नाही. वजनात झिजेमुळे थोडी घट चालते; वजन जास्त भरलं तर मात्र शंका घ्या, कारण वापराने नाणं हलकं होतं, जड होत नाही.

पुढचं लॅटिन ओटावाने वर्षभरातच नाण्यावर आणलं. न्यूफाउंडलंड ३१ मार्च १९४९ला कॅनडात सामील झालं आणि त्या वर्षीच्या डॉलरवर ‘मॅथ्यू’ जहाजाच्या चित्राखाली तीन पूर्ण शब्द आले, एकही तोडलेला नाही: ‘फ्लोरेआत तेरा नोव्हा’. नवी भूमी बहरो.